सेव्हिया १९८६: बार्साच्या चारही पेनल्टी अडल्या कशा?

निळालाल_नाशिक:
मंडळी, बार्सिलोनाच्या जुन्या फायनल्स क्रमाने बघतोय. १९९२ ची वेम्बली, कूमनची ती फ्री किक तर पाठच आहे. पण त्याआधीची ७ मे १९८६ ची युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) फायनल काही पचत नाहीये. मॅच स्पेनमध्येच, सेव्हियात. स्टेडियम जवळजवळ सगळं बार्साचं. समोर रोमानियाचा स्तेआऊआ बुखारेस्ट. १२० मिनिटं ०-० आणि मग शूटआउटमध्ये आपल्या चारच्या चार पेनल्टी कीपरने अडवल्या! धाकटा भाऊ म्हणतो, मारणाऱ्यांनी माती खाल्ली. मला तसं वाटत नाही. स्वतः गोलमध्ये उभं राहिलेलं कुणी इथे असेल तर सांगा ना.

पेठेतला_कीपर:
भाऊ, कोल्हापुरात बरीच वर्षं गोलमध्ये उभा राहिलोय, आता पोरांना शिकवतो. त्या चार किका मी पोरांना थांबवून थांबवून दाखवतो, म्हणून हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा.

धाकट्या भावाला सांगा, माती वगैरे काही खाल्लेली नाही. आलेशान्को, पेद्रासा, पिची आलोन्सो, मार्कोस. चौघांच्याही किका गोलच्या आत जाणाऱ्या होत्या. स्तेआऊआचा कीपर, हेल्मुट डुकाडाम नावाचा तो मिशीवाला माणूस मध्ये आला म्हणून त्या गेल्या नाहीत. पहिल्या तीन वेळा तो स्वतःच्या उजवीकडे झेपावला आणि चौथ्या वेळी डावीकडे. सगळा खेळ यातच आहे बघा. पहिली अडवल्यावर दुसरा मारणारा काय विचार करणार? "हा आत्ताच उजवीकडे गेलाय, आता बाजू बदलेल." डुकाडाम मारणाऱ्याच्या जागी जाऊन विचार करत होता, तसं त्याने पुढे स्वतः सांगितलंय. म्हणून तो पुन्हा उजवीकडे. तिसऱ्यालाही उजवीकडे. आणि मार्कोस येईपर्यंत "हा उजवीकडेच जातो" हे सगळ्या स्टेडियमला कळलं होतं, तेव्हा गडी डावीकडे गेला.

त्यात तेव्हाचा नियम ध्यानात घ्या. किक बसेपर्यंत कीपरने रेषेवर पाय हलवायचा नाही. रेषेवर आडवं सरकायची मुभा १९९७ नंतरची. म्हणजे आधी निर्णय घ्यायचा, तो चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही आणि मग उभ्या जागेवरून झेप. माझ्या पोरांना हेच सगळ्यात अवघड जातं. किक बसायच्या आधीच खांदा झुकतो आणि मारणारा ते हेरतो. डुकाडामचा खांदा बघा, अजिबात झुकत नाही.

आणि एका माणसाबद्दल कुणी बोलत नाही याचं मला फार वाईट वाटतं. बार्साचा कीपर उरुती. स्तेआऊआची पहिली किक माझारूची, ती अडवली. दुसरी बोलोनीची, तीही अडवली! युरोपियन कपच्या फायनलमध्ये पहिल्या दोन्ही पेनल्टी अडवून माणूस हरतो, म्हणजे काय? आदल्या वर्षी बार्सा अकरा वर्षांनी लीग जिंकली ती वायादोलिद शहरातल्या मॅचमध्ये याच उरुतीने पेनल्टी अडवल्यावर. सेव्हियात त्याच्याकडून काहीच कमी पडलं नाही. पुढे लाकातुशने जीव खाऊन मारली, बालिंतने शांतपणे मारली. आठ किकांत गोल एवढे दोनच. २-० वर कप बुखारेस्टला.

सुमेधा_जी:
कीपरदादा, काय सुंदर लिहिलंय! पिची आलोन्सोचं एक सांगते. सेमी फायनल दोन मॅचची होती, त्यातल्या पहिलीत बार्सा योतेबोरी या स्वीडिश क्लबकडून स्वीडनमध्ये ३-० हरून आली होती. घरच्या मॅचमध्ये याच पिचीने तीन गोल मारले, दोन मॅच मिळून ३-३ बरोबरी झाली आणि शूटआउट जिंकून बार्सा फायनलला गेली. तो नसता तर सेव्हिया आलंच नसतं. फायनलला तो एक्स्ट्रा टाइममध्ये आर्चिबाल्डच्या जागी आला आणि तिसरी पेनल्टी त्याच्या वाट्याला आली. त्याला "पेनल्टी हुकवणारा" म्हणून लक्षात ठेवणं मला मान्यच नाही.

आणि फायनलचं स्टेडियमही बघा, सांचेस पिसहुआन. १९८२ च्या वर्ल्ड कपमधली पश्चिम जर्मनी-फ्रान्स सेमी फायनल तिथेच झाली, वर्ल्ड कपचं पहिलं शूटआउट.

निळालाल_नाशिक:
दोघांचेही मनापासून आभार. भावाला हे सगळं वाचून दाखवतो. बार्साच्या शूस्टरला मॅच संपायच्या आत का काढलं पण? आणि डुकाडामचं पुढे काय झालं? त्यानंतर नावच ऐकू येत नाही.

पेठेतला_कीपर:
शूस्टरला ८५ व्या मिनिटाला बार्साचा कोच व्हेनेबल्सने बाहेर घेतलं. तो भडकला आणि मॅच चालू असतानाच स्टेडियम सोडून गेला. पुढचा सीझन त्याला जवळजवळ बसवूनच ठेवलं. माझं मत विचाराल तर शूटआउटची शक्यता दिसत असताना असा किक मारणारा खेळाडू बाहेर काढणं चुकलंच.

डुकाडामचं ऐकून जीव तुटतो. त्याच उन्हाळ्यात उजव्या हातात रक्ताची गुठळी झाली. वय २७. म्हणजे कीपर जेमतेम तयार होतो ते वय. रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू, त्याच्या पोराने हात मोडायला लावला अशी अफवा होती, ती खरी नाही हे त्याने स्वतः सांगितलंय. काही वर्षांनी तो अरादला खालच्या डिव्हिजनमध्ये परत खेळला, पण स्तेआऊआच्या गोलमध्ये पुन्हा कधी दिसला नाही. रोमानियात त्याला "सेव्हियाचा हीरो" म्हणत. २ डिसेंबर २०२४ ला गेला.

पूर्ण मॅच बघणार असाल तर दुसऱ्या हाफमध्ये योर्डानेस्कू मैदानात येतो तिथे जरा थांबा. वय ३६, स्तेआऊआचा कोच येनेई, त्याचा असिस्टंट, खेळाडू कमी म्हणून बूट चढवून आलेला. त्यांचा कॅप्टन स्तोइका सस्पेंड होता. तो आल्यावर स्तेआऊआ बॉल कसा धरून ठेवते ते बघा. डुकाडामपर्यंत मॅच पोहोचली ती तिथून. हाच योर्डानेस्कू १९९४ च्या वर्ल्ड कपला रोमानियाचा कोच होता, हाजीवाल्या टीमचा.