आठ क्यू, पण राबतोय एकच कोअर

अंधेरीकर: चांदिवलीतलं आमचं लिनक्स मशीन. ८ कोअर, १० गिगाबिटचं नेटवर्क कार्ड. ड्रायव्हर ८ ट्रान्समिट क्यू (पॅकेट बाहेर पाठवायच्या रांगा) दाखवतो, तरी इंटरप्टच्या (कार्डाने कोअरला मारलेल्या हाकांच्या) तक्त्यात पहिल्याच कोअरचा आकडा धावतोय; बाकीचे सात कटिंग पीत बसलेत. आयआरक्यूबॅलन्स (इंटरप्ट कोअरांत वाटून देणारा प्रोग्रॅम) मीच बंद केला होता (कुणाचं तरी ऐकून, माझी अक्कल!). आता काय करू?

घाटकोपर_स्लो: दादरला सगळी गर्दी एकाच जिन्याने सोडलीत की हो! आयआरक्यूबॅलन्स बंद, तर प्रत्येक इंटरप्टची एसएमपी अ‍ॅफिनिटी (तो कुठल्या कोअरकडे जाणार ते) हाताने लिहायची. मास्क (कोअर दाखवणारा आकडा, प्रत्येक कोअरला एक बिट) हेक्समध्ये, म्हणजे षोडशमान पद्धतीत: १, २, ४, ८, मग १०, २०, ४०, ८०. पाचव्याला १६ लिहू नका (हेक्समधलं १० म्हणजेच आपले १६), मी लिहून फसलोय.

रात्रपाळी: हे अर्धंच झालं. ट्रान्समिटचा इंटरप्ट म्हणजे पॅकेट गेल्यानंतरची आवराआवर. कुठला कोअर कुठल्या क्यूत टाकणार, ते एक्सपीएस (लिनक्सच्या गाभ्यातली, म्हणजे कर्नलमधली, कोअर-क्यू जोडणी) ठरवतं. प्रत्येक क्यूच्या एक्सपीएस फाइलीत त्या क्यूच्या इंटरप्टचाच मास्क लिहा, म्हणजे दुसऱ्याच्या लॉकपाशी ताटकळणं नको. कर्नल २.६.३८ पासून ही सोय आहे.

अंधेरीकर: आठही आकडे हलले! रीबूटनंतर टिकेल ना? शेवटची लोकल गाठायचीय.

रात्रपाळी: नाही टिकणार. स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये टाका, मग पळा.