‘क्लोन वॉर्स’चा शेवट: सातारा-सांगलीकडच्यांनी लिहा

आपल्या भागातले स्टार वॉर्सवाले एकमेकांना सापडत नाहीत, ही माझी जुनी तक्रार. आपल्याकडं वर्गात एक, ऑफिसात एक, आणि तोही गप्प, कारण ‘या वयात कार्टून?’ हे कुणाला ऐकून घ्यायचंय! म्हणून हा धागा. विषय एकच: ‘स्टार वॉर्स: द क्लोन वॉर्स’ कशी संपली आणि तुम्हाला ती कशी वाटली. कथा उघडी पडणार आहे, न पाहिलेल्यांनी इथूनच मागं फिरावं.

नव्यांसाठी थोडी उजळणी. मालिका ऑक्टोबर २००८ मध्ये सुरू झाली. २०१२ च्या शेवटाला डिस्नेनं लुकासफिल्म विकत घेतली आणि पुढच्या वर्षी पाचव्या पर्वानंतर मालिका गुंडाळली. उरलेसुरले भाग २०१४ मध्ये नेटफ्लिक्सवर सहावं पर्व म्हणून आले. मग चाहत्यांनी आशा सोडली असताना २०१८ मध्ये घोषणा झाली आणि २०२० मध्ये सातवं पर्व. बारा भाग, त्यातले शेवटचे चार म्हणजे मँडलोर या ग्रहाचा वेढा. अखेरचा भाग ४ मे २०२० चा.

माझं मत आधीच टाकतो, म्हणजे भांडायला सोपं. हे चार भाग ‘रिव्हेंज ऑफ द सिथ’ या २००५ च्या चित्रपटाला समांतर घडतात, आणि मला ते त्या चित्रपटापेक्षा उजवे वाटतात. आता बोला.

इस्लामपूर, तेव्हा दहावीत

२०२० च्या मार्चमध्ये करोनामुळं आमच्या गावाचं नाव रोज बातम्यांत होतं. गल्ल्या बंद, बांबू आडवे. भूगोलाचा पेपर आधी पुढं ढकलला, मग रद्दच झाला. ३ एप्रिलला डिस्ने प्लस हॉटस्टारवर आलं आणि वडिलांच्या मोबाइलवर मी पहिल्या पर्वापासून लागलो. आई म्हणायची, पेपर रद्द झाला म्हणून एवढं पण सुटू नये माणसानं.

‘शॅटर्ड’ हा शेवटून दुसरा भाग १ मे ला आला. महाराष्ट्र दिन, आणि बाहेर चिटपाखरू नाही. त्या भागात क्लोन सैनिकांना पुढं सम्राट होणाऱ्याचा हुकूम येतो, की ज्यांच्या हाताखाली लढता त्या जेडाय योद्ध्यांना मारा, आणि क्लोनांचा म्होरक्या रेक्सचा हात थरथरतो. डोळ्यात पाणी, बंदूक अहसोकावर, म्हणजे पूर्वीच्या जेडाय शिष्येवर, रोखलेली, आणि तो दात आवळून एवढंच सांगतो की फाइव्ह्जला शोध. ज्यांनी सहावं पर्व पाहिलंय त्यांना त्या नावाचा अर्थ लागतो. क्लोनच्या डोक्यात हुकूम पाळायला लावणारी चिप आहे हे फाइव्ह्ज या क्लोननंच शोधून काढलं होतं आणि त्याला वेडा ठरवून मारलं. मी सहावं पर्व आदल्या आठवड्यातच संपवलं होतं. त्या क्षणी जे काही झालं ते शब्दांत येत नाही. पुढचा भाग यायला सोमवार उजाडावा लागला. तोवर घरात कुणाशी नीट बोललो नाही.

तासगाव

अहसोका वाचली. बास. बाकी तुमचं चालू द्या.

अपशिंगे (मिलिटरी), सातारा

आमच्या गावाचं नावच असं आहे, त्यामुळं वेगळं सांगायला नको. घरटी फौजी. पहिल्या महायुद्धाला गेलेल्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे आणि आमच्या घरात आजोबा, वडील, चुलते सगळे पलटणीत. मीच एक आयटीत.

मालिका मी पाहत होतो, वडील नव्हे. ते सुभेदार म्हणून निवृत्त झालेत आणि टीव्हीवर बातम्या सोडून काही पाहत नाहीत. पण घरात एकच टीव्ही, त्यात बाहेर जायचं बंद, त्यामुळं शेवटचा भाग त्यांच्यासमोरच लागला. सुरुवातीला पेपर वाचत बसले होते. रेक्स आणि त्याच्या हाताखालचा क्लोन जेसी समोरासमोर येतात तिथं त्यांनी पेपर खाली ठेवला. तुम्हाला आठवत असेल. रेक्सची चिप काढून झालीय, पण जेसीला ते माहीत नाही. रेक्स हुकमाचे शब्द उलगडून वाद घालतो: हुकूम जेडायांना मारायचा आहे, अहसोकानं तर जेडाय पंथ कधीच सोडलाय, मग ती गद्दार कशी? जेसी ऐकत नाही. वडील म्हणाले, ‘त्या पोराचं चुकत नाही. तो खालचा माणूस आहे, त्याला वरून स्पष्ट आलंय.’ मी म्हटलं, अण्णा, तो त्याच्याच कमांडरला मारायला उठलाय. त्यावर काही बोलले नाहीत.

अहसोका रेक्सला बजावते की यांच्यातल्या कुणाला मारायचं नाही. रेक्स म्हणतो, हे सगळे आपल्यासकट मरायला तयार आहेत. ती त्याचं हेल्मेट काढते, तो रडत असतो. ती म्हणते, मरायला तयार असतील, पण त्यांना मारणारी मी नसेन. आणि तरीही सगळे मरतात, कारण जहाजच कोसळतं. खलनायक मॉलनं त्याचं इंजिन उद्ध्वस्त केलेलं असतं.

मग ती कबरींची जागा. काठ्यांवर हेल्मेटं, त्यांवर अहसोकाच्या चेहऱ्यासारखे नारिंगी पट्टे. तिच्या स्वागताला म्हणून त्या जवानांनी मोठ्या हौसेनं रंगवलेले, आणि तेच घालून ते तिच्यावर गोळ्या झाडत होते. दोघांनी प्रत्येकाला पुरलं. वडील एवढंच म्हणाले, ‘माती दिली, मगच निघाले. बरं केलं.’ थोड्या वेळानं विचारलं, ‘यांना पेन्शन कोण देणार?’ मी हसलो. नंतर पुढच्या मालिका पाहिल्यावर कळलं, प्रश्न बरोबर होता. साम्राज्यानं क्लोनना खरंच वाऱ्यावर सोडलं.

कराड

वरचं वाचून गलबलून आलं, पण माझा आक्षेप आहेच. चिप ही पळवाट आहे. २००५ च्या चित्रपटात चिपबिप काही नव्हतं. क्लोनना हुकूम आला, त्यांनी शेजारच्या माणसाच्या पाठीत गोळी घातली. ते जास्त भयानक होतं, कारण तसं खऱ्या माणसांनी इतिहासात केलंय. मालिकेनं डोक्यात यंत्र बसवून सगळ्यांना निर्दोष करून टाकलं. मग आपण रडतो कशासाठी? बिघडलेल्या यंत्रासाठी?

दुसरं, तणाव शून्य. रेक्स आणि अहसोका दोघं जिवंत राहणार हे ‘रिबेल्स’ ही नंतरच्या काळातली मालिका पाहिलेल्याला आधीच ठाऊक. ती मालिका २०१८ मध्ये संपलीसुद्धा होती.

अपशिंगे, पुन्हा

दादा, पाच पर्वं आधी या पोरांना नावं दिली, केशरचना दिल्या, विनोद दिले, हट्ट दिले. चिपनं काढून घेतलं ते हे सगळं. हुकूम पाळणारा दोषी की निर्दोष, हा तुमचा प्रश्न. मालिकेचा प्रश्न वेगळा आहे: ज्यांनी यांना बनवलं त्यांनी पहिल्या दिवसापासून यांच्या डोक्यात काय ठेवलं होतं? जेडाय यांना तीन वर्षं वापरत होते आणि त्यांतल्या फार थोड्यांनी हा प्रश्न विचारला.

तणावाचं म्हणाल तर महाभारतात कोण जिंकणार हे माहीत असून आपल्याकडं रात्र रात्र लोक बसायचेच की.

सांगली, हौशी नाटकवाला

आम्ही विष्णुदास भाव्यांच्या गावचे, १८४३ पासून नाटक आमच्या अंगात, असं आम्ही कुणी विचारलं नाही तरी सांगतो. तर त्या हक्कानं एक निरीक्षण. भाव्यांच्या नाटकांत सूत्रधार पदांमधून कथा सांगायचा आणि पात्रं मध्ये येऊन बोलायची. या मालिकेतही प्रत्येक भागाच्या सुरुवातीला निवेदक असतो. दणदणीत आवाजात युद्धाचा हालहवाल देणारा, जुन्या न्यूजरीलसारखा. आणि पडद्यावर आधी एक सुविचार. मँडलोरच्या वेढ्यात तो सुविचार गायब होतो. पहिल्या भागात निवेदक असतो, पुढं तोही गायब. कारण तो ज्या बाजूनं बोलत होता ती बाजूच उरलेली नाही. प्रजासत्ताकच संपलं, तर त्याच्या वतीनं बातम्या कोण सांगणार?

शेवटचा प्रसंग संपूर्ण मूक आहे. बर्फ पडलंय, व्हेडर, म्हणजे खलनायक झालेला तिचा गुरू ॲनाकिन, येतो, अहसोकानं टाकलेली प्रकाशाची तलवार उचलतो, पेटवतो. पातं निळं. पूर्वी हिची पातं हिरवी होती. त्या वेढ्याच्या आधी ॲनाकिननंच तलवारी जपून ठेवून तिला परत दिल्या आणि तेव्हा ती निळी झालेली होती, म्हणजे त्याच्या स्वतःच्या रंगाची. यावर एक अक्षर बोललं जात नाही. आमच्या मंडळात कुणी असा प्रवेश लिहून आणला असता तर दिग्दर्शकानं म्हटलं असतं, अरे एक स्वगत तरी टाक. आणि राज्य नाट्य स्पर्धेत आम्ही ते टाकलंही असतं.

सातारा, पोवई नाका

नाटकवाल्यांचं बरोबर, पण मला तोच शेवट अपुरा वाटला. मालिका ॲनाकिन आणि अहसोकाची होती. २००८ ला ती त्याची शिष्या म्हणून आली तेव्हा लोकांना नकोशी वाटायची, आगाऊ पोरगी म्हणून. तिथून तिला एवढं मोठं केलं. मग दोघांची शेवटची भेट काय, तर घाईगडबडीत चार वाक्यं आणि ‘गुड लक’. मी म्हणेन चार वाक्यं कमी पडली. मित्र म्हणतो, खरी शेवटची भेट कुणाची मनासारखी होते का? असेल. मला तरी अजून पाच मिनिटं हवी होती.

सांगली, गावभाग

शेवटच्या चार भागांबद्दल सगळे बोलतायत. पण मधल्या चार भागांना, त्या ट्रेस आणि राफा बहिणींच्या, सगळे शिव्या घालतात, त्याबद्दल मला बोलायचंय. ‘कंटाळवाणे’, ‘भरताड’ वगैरे. लांबण आहे हे मान्य. चार भागांचे दोन चालले असते. मसाल्याची (म्हणजे तिथल्या अमली पदार्थाची) चोरटी वाहतूक, पकडलं जाणं, सुटणं, पुन्हा पकडलं जाणं, फार झालं.

पण त्यात राफा एक गोष्ट सांगते. जेडाय एका गुन्हेगाराचा पाठलाग करत होते. त्यात एक यान यांच्या वस्तीवर कोसळलं आणि आईवडील गेले. नंतर एक जेडाय बाई आली, पोरींना म्हणाली, शक्ती तुमच्या पाठीशी राहील. आणि निघून गेली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात पहिल्या मजल्यापर्यंत कृष्णा होती. पाणी उतरल्यावर गाळ उपसत होतो तेव्हा पांढऱ्या कपड्यांतली बरीच माणसं आली. धीर धरा म्हणाली. फोटो झाले. ती वाईट माणसं होती असं नाही म्हणणार, त्यांना खरंच वाटत असेल की आपण काहीतरी केलं. राफाचं बोलणं ऐकताना मला ती आठवली, आणि मग शेवटच्या भागात जेडाय पंथ बुडाला तेव्हा गल्लीतलं कुणी त्यांच्यासाठी का धावलं नाही हे मला पटलं. हे मधले चार भाग काढून टाकले तर शेवट नुसता हुरहूर लावणारा राहतो. ते ठेवले तर कळतं की जेडायांनी आपलं मरण बरंचसं स्वतः ओढवून घेतलं. तसं मॉल तेच सांगत असतो, पण खलनायकाच्या तोंडून ऐकलेलं कुणी मनावर घेत नाही.

विटा (सध्या गलाईच्या धंद्यानिमित्त तमिळनाडूत)

मॉल! एवढं सगळं लिहिलंत आणि त्याच्या लढाईवर कुणीच नाही? ‘द फँटम अप्रेंटिस’मधलं द्वंद्व हातानं रंगवलेलं नाही, १९९९ च्या चित्रपटात मॉल झालेल्या रे पार्कला बोलावून त्याच्या हालचाली टिपल्यात. तो बीमवर उभा राहून वाकतो ना, ती वाकण्याची ढब थेट त्याची. शेवटी ‘सगळे जळणार’ म्हणून तो किंचाळतो तेव्हा पूर्ण विश्वात खरं काय चाललंय हे माहीत असलेला तो एकटाच असतो. कुणी ऐकत नाही त्याचं. दुकान बंद, गावी जायची सोय नाही, आम्ही चार पोरं एका खोलीत. तो भाग सलग दोनदा पाहिला.

फलटण

मुलगी आठ वर्षांची आहे. तिला दाखवावं का? ती ‘अहसोकासारखी वेणी’ मागते, ती वेणी नाही, आणि मोंट्राल (अहसोकाच्या डोक्यावरची शिंगांसारखी वाढ) म्हणजे काय ते तिला अजून कळलेलं नाही.

धागाकर्ता

ताई, पहिली तीन पर्वं निवडून दाखवा, शेवट आत्ता नको. कबरी आहेत, आणि ओळखीची माणसं अचानक उलटतात, ते लहान मुलांना जास्त लागतं. बारा-तेराची झाली की बसा सोबत.

मिरज

आमच्याकडं तंतुवाद्यांचा पिढीजात व्यवसाय, त्यामुळं कान आधी तिकडं जातो. केव्हिन किनरचं संगीत. इतकी वर्षं तो जॉन विल्यम्सच्या वाटेनं पितळी वाद्यांचा मोठा ताफा वापरत होता. शेवटच्या भागात ते जवळपास बाजूला ठेवलं आणि सिंथचे लांब, खर्जातले सूर लावले. कबरींच्या प्रसंगात तर चाल अशी नाहीच, नुसता धरून ठेवलेला स्वर आणि त्यावर हळूहळू चढणारा दुसरा. तंबोरा जुळवताना जवारी नीट लागली की खालच्या तारेतून आपोआप वेगळे स्वर ऐकू यायला लागतात, तिथं मला तसं ऐकू आलं.

मोबाइलच्या स्पीकरवर यातलं काहीही कळत नाही. इस्लामपूरच्या भावानं तो भाग वडिलांच्या फोनवर पाहिलाय असं वर लिहिलंय, त्यानं एकदा हेडफोन लावून पुन्हा पाहावा आणि इथं येऊन सांगावं. कराडकरांनीही. चिपचा वाद त्यानंतर घालू.