अप्पा एकटेच कटर मशीन घेऊन रानात झाडं पाडायला जातात, काय करावं?

जांबोटी_रोड:
नमस्कार मंडळी. आमचं गाव जांबोटीच्या पुढं, कणकुंबी रस्त्यावरून आत. थोडं काजूचं रान आहे, बांधाला अकेशिया आणि सिल्व्हर ओक, मागच्या अंगाला जुने ऐन, किंजळ. अप्पा साठीच्या पुढं गेलेत पण तब्येत ठणठणीत, पेट्रोलवरची कटर मशीन (चेनसॉ) घेतल्यापासून त्यांनी कामाला माणूस सांगायचंच बंद केलंय. सकाळी भाकरी बांधून घेतात आणि एकटेच जातात. खाली रानात रेंज नाही, पाणंदीच्या चढावर आलं की एखादी दांडी येते. मी बेळगावात उद्यमबागला कामाला, घरी फक्त आई. तिनं काही म्हटलं की म्हणतात, मशीन असताना दोघं कशाला, आणि आजकाल हजेरी किती मागतात बघितलंस काय. पावसाच्या आधी तीनचार मोठी झाडं काढायचीत. हेल्मेट, बूट मी आणून देतोय, एकट्यानं काम करणाऱ्याला अजून काय काय घ्यावं ते सांगा.

लाकूडवाला_खानापूर:
भावा, हेल्मेट बूट जरूर आण, जाळीचं हेल्मेट आण, मांडीवर घालायचा जाड चेनसॉचा पायजमा मिळतो तो पण आण. पण झाड पाडताना एकटं असायचं नाही, हे आधी अप्पांना सांग, बाकी सगळं त्याच्यानंतर. मी हाच धंदा करतो म्हणून सांगूलोय.

मशीनच्या पात्याचं टोक असतं ना, त्याचा वरचा भाग कुठं लाकडाला टेकला की मशीन उसळून अंगावर येते. साखळी सेकंदाला वीस मीटरच्या आसपास पळत असते, हात मागं घ्यायला वेळच मिळत नाही. साखळीचा ब्रेक चालतो का ते रोज सुरू करायच्या आधी बघायला पाहिजे. खांद्याच्या वर मशीन नेऊन कापायचं नाही, शिडीवर चढून तर अजिबात नाही.

आणि जास्त माणसं मशीननं नव्हे, झाडानंच जातात. कापणाऱ्याची नजर कापावर असते, कान मशीनच्या आवाजानं बंद. वर वाळकी फांदी अडकलेली असते, झाड हललं की तीच आधी खाली येते. ती कोण बघणार? लांब उभा असलेला दुसरा माणूस. त्यानं झाडाच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब थांबायचं, आणि हात वर केला की मशीन बंद, असं आधीच ठरवून घ्यायचं. अमेरिकेत लाकूडतोडीच्या कामाला सरकारी नियमच आहे, प्रत्येक कामगार दुसऱ्याला दिसेल नाहीतर ऐकू जाईल एवढ्या अंतरात पाहिजे. आपल्याकडं नियमाची वाट कशाला बघायची.

अजून एक, पाडलेलं झाड शेजारच्या झाडावर अडकून राहिलं तर त्याच्या खाली जायचं नाही, आणि ज्याच्यावर अडकलंय ते झाड तर कापायचंच नाही. एकटा माणूस नेमकं तेच करतो कारण ओढायला दुसरं कोण नसतं. लांब दोर लावून लांबूनच ट्रॅक्टरनं ओढून काढायचं, तोवर तसंच सोडून घरी यायचं.

सिस्टर_बेळगाव:
मी इमर्जन्सी वॉर्डात काम करते. मशीन मांडीला लागली आणि मोठी रक्तवाहिनी तुटली तर हातात काही मिनिटंच असतात. अंगात रक्त पाच लिटरच्या आसपास, ते किती झपाट्यानं जातं हे बघितल्याशिवाय खरं वाटत नाही. तुमच्या रानातून बेळगावला पोचेपर्यंत रक्त थांबवायला जाग्यावर कोणीतरी पाहिजेच. जखमेवर स्वच्छ फडकं ठेवून अंगाचा भार टाकून दाबायचं आणि सोडून बघायचं नाही. तरी रक्त उसळत असेल तर जखमेच्या वर, गुडघा किंवा कोपर सोडून, रुंद पट्टा काठी घालून घट्ट पिळायचा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवायची. सुतळी किंवा तार नको, मांसात रुतते. हे सगळं स्वतःच्या पायाला, चक्कर येत असताना, एकट्यानं करणं जवळजवळ अशक्य आहे हो.

फोन मात्र खिशात बटणाच्या आत ठेवायला सांगा. भाकरीच्या पिशवीत झाडाखाली ठेवलेला फोन पाय अडकलेल्या माणसाच्या हाताला लागत नाही. आपल्या सिमला रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीची असेल तर 112 लागू शकतो. आणि सर्पदंश झाला तर पळायचं नाही, इकडंतिकडं न फिरवता सरळ सरकारी दवाखान्यात, लस तिथं असते. एकटा माणूस चढ चढत पळतच येतो, दुसरा असेल तर तो पळेल आणि चावलेला निजून राहील.

जांबोटी_रोड:
सिस्टर, हे मी आईला वाचून दाखवलं, ती रात्री जेवली नाही नीट. पण अप्पांना हजेरीचं कसं पटवायचं? दिवसभर नुसतं उभं राहायला माणूस लावायचा म्हटलं की चिडतात.

काळी_माती:
हजेरी कशाला, पैरा करा की. भात लावणीला करत नाही काय आपण? शेजारच्या रानात पण झाडं असतीलच, एक दिवस तुमच्यात, एक दिवस त्यांच्यात, पैसे लागत नाहीत आणि अप्पांना कुणापुढं लहान पण व्हावं लागत नाही. म्हाताऱ्या माणसाला जप म्हटलं की राग येतो, "तुम्ही त्यांच्यावर नजर ठेवायला चला" म्हटलं की उठून जातात. आमच्यात असंच झालं, वडिलांना आता सोबत असते.

एक कडू गोष्ट पण बोलतो. काहीजण मुद्दाम एकटे जातात कारण परवानगी काढलेली नसते आणि चार लोकांना कळू नये असं वाटतं. कर्नाटकात 1976 चा झाडांचा कायदा आहे, तुमची कुठली झाडं त्यात येतात ते फॉरेस्ट ऑफिसात विचारून घ्या. उजेडात केलेल्या कामाला माणूस बोलवायला भीती वाटत नाही.

लाईनमन_रिटायर:
बांधावरून विजेच्या तारा जात असतील तर पैरा पण नको, आधी हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) सेक्शन ऑफिसला सांगून लाईन बंद करून घ्या. ओली फांदी तारेला लागली तर खालचा माणूस पण जातो आणि सोडवायला पळणारा पण.

जांबोटी_रोड:
सगळ्यांचे आभार. पैऱ्याचं जमलं! खालच्या आळीतले मामा तयार झाले, त्यांची दोन अकेशिया आहेत, रविवारी आधी त्यांच्यात जाणार. शिट्टी घेतलीय दोघांना, एक लांब वाजली की मशीन बंद. आईला पण सांगून ठेवलंय, दुपारी अमुक वेळेला चढावर येऊन फोन आला नाही तर मामींना घेऊन खाली बघायला जायचं. आता एकच राहिलंय, मागच्या मोठ्या ऐनावर गारंबीची वेल चढलीय आणि ती पुढच्या किंजळावर पण गेलीय. हे झाड अप्पांना ह्याच वर्षी पाडायचंय.

लाकूडवाला_खानापूर:
ते ह्या वर्षी नको, दोघं असले तरी नको. वेलानं दोन्ही झाडं बांधली गेलीत, ऐन पडताना किंजळाचा शेंडा मोडून अंगावर आणेल आणि कुठल्या बाजूला येईल ते कुणाला सांगता येत नाही. आत्ता फक्त वेल बुडाला कोयत्यानं तोडून ठेवा, वर ओढायला जाऊ नका, तसाच वाळू दे. पुढच्या उन्हाळ्यात मला कळव, मी माणसं घेऊन येतो.