पैसा आणायचा कुठून?

"आधी देश श्रीमंत होऊ दे, मग कल्याणकारी योजनांच्या गोष्टी करू" असं रोजगार हमी योजनेवरच्या (मागेल त्याला सरकारी मजुरीचं काम) या चर्चेत बऱ्याच जणांनी लिहिलंय. पैशांची गळती आणि मजुरांचे बोगस हजेरीपट यांबद्दलच्या तक्रारी मान्य आहेत, पण हा क्रम मात्र पटत नाही. आपल्याच राज्याने तो उलटा करून दाखवलाय. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती असताना रोजगार हमीची कल्पना पुढे आली, १९७२च्या दुष्काळात तिची खरी कसोटी लागली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. तेव्हा महाराष्ट्र काही श्रीमंत नव्हता.

आता पैशाचं. पगारपत्रकात दरमहा २०० रुपये (फेब्रुवारीत ३००) कापले जातात तो व्यवसाय कर आठवतोय? तो १९७५ साली मुख्यतः रोजगार हमी योजनेसाठीच लावला गेला. म्हणजे दुष्काळी तालुक्यातल्या पाझर तलावाच्या मजुरीला मुंबई-पुण्यातला नोकरदार हातभार लावत होता, आणि बहुतेकांना ते ठाऊकही नाही! शिवाय ही खैरात नव्हती. उन्हात खडी फोडायला गरज नसलेला माणूस सहसा येत नाही, त्यामुळे लाभार्थी निवडायची कटकट बरीचशी आपोआप मिटायची. कामावर बायकांची संख्याही मोठी असे. केंद्राचा रोजगार हमी कायदा आला तो थेट २००५ साली, तोही कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांपुरता. आपल्या कायद्यात दिवसांची अशी मर्यादा नव्हती.