भिगवणच्या बेटांवर पट्टकदंब दिसतील का? एकच दिवस आहे

कोथरूडची_मैना:
नमस्कार मंडळी, येत्या रविवारी आईबाबांना घेऊन भिगवणला जातेय. बाबा ७२ चे आहेत, लडाखला गेलो होतो तेव्हा त्यांनी पट्टकदंब (बार-हेडेड गूज, हिवाळ्यात येणारे रानहंस) लांबून बघितले होते आणि तेव्हापासून जवळून बघायचेत म्हणून मागे लागलेत. उजनी धरणाच्या पाण्यातल्या छोट्या बेटांवर बसतात म्हणे. किती वाजता पोचावं, बेटावर उतरता येतं का? आईचे गुडघे दुखतात, होडीत चढणं जमेल ना?

भीमाकाठ:
ताई, भिगवणजवळच्या कुंभारगावला जा. पुण्याहून सोलापूर हायवेने शंभरेक किमी, पहाटे साडेचारला निघालात तर उजाडता उजाडता होडीत बसाल. होडीवाले इथलेच मासेमार, पक्षी त्यांना बरोब्बर माहीत असतात. काठाला चिखल असतो म्हणून आईंचं आदल्या दिवशीच फोनवर सांगून ठेवा, म्हणजे होडी नीट लावतील आणि हात द्यायला माणूस असेल. पट्टकदंब रात्री शेतात चरतात आणि सकाळी बेटांवर येऊन बसतात, ऊन चढलं की बरेचसे मान पाठीवर टाकून झोपलेले, तेव्हा निवांत बघता येतात.

चिखलपाय:
फ्लेमिंगो पण बघायचे असतील तर त्यांचं सगळं पाण्याच्या पातळीवर असतं. पाऊस चांगला झाला की धरण भरलेलं राहतं, चिखल उघडा पडत नाही आणि मग ते उशिरा येतात, कधी कधी तर पार मार्च उजाडतो. चोच उलटी करून उथळ पाण्यातला चिखल गाळून खातात ना, खोल पाण्यात काय करणार बिचारे. तेव्हा निघण्याआधी पाणी किती उतरलंय ते होडीवाल्याला विचारा.
बाबांना कुरव पण दाखवा, सीगल हो. तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या तळ्यांवरून येतात, फक्त थंडीत डोकं पांढरं होतं आणि कानाशी एक काळसर ठिपका राहतो. त्यांना शेव-फरसाण टाकू नका प्लीज.

सुरय_सुरय:
बेटावर उतरू नका, कळकळीने सांगते. ही बेटं म्हणजे १९८० ला धरण झालं तेव्हा बुडालेल्या शिवारातले उंचवटे, आणि फेब्रुवारी-मार्चपासून नदी सुरय (रिव्हर टर्न) पक्षी तिथे उघड्या मातीवर अंडी घालतात, अगदी मातीच्याच रंगाची, पायाखाली आली तरी कळत नाही.
आणि उडतानाचा फोटो हवा म्हणून होडी थव्यात घालायला लावू नका. आमच्या ग्रुपने एकदा हट्ट केला, फ्लेमिंगो पाण्यावर धावत धावत उडाले, फोटो छान आले, पण नंतर तासभर ते खाली बसलेच नाहीत, नुसते घिरट्या घालत राहिले. मला अजून ते आठवलं की वाईट वाटतं. इंजिन लांबच बंद करा आणि वल्ह्याने जा.

कोथरूडची_मैना:
काल जाऊन आलो! फ्लेमिंगो लांबवर थोडेच होते, पण दुसऱ्या बेटाशी होडीवाल्या दादांनी इंजिन बंद केलं आणि समोर तीसेक पट्टकदंब. पांढऱ्या डोक्यावरचे ते दोन काळे पट्टे दुर्बिणीशिवाय दिसत होते हो! एक जण एका पायावर उभा राहून आमच्याकडेच बघत होता. बाबा अर्धा तास एक शब्द बोलले नाहीत, दुर्बीण खालीच ठेवेनात, शेवटी आईने हातातून काढून घेतली आणि मग ती पण बघतच बसली. आईला दोघांनी हात धरून चढवलं, काही त्रास झाला नाही. सगळ्यांचे मनापासून आभार, मार्चमध्ये फ्लेमिंगोसाठी परत जायचं ठरलंय.