तामेनुरी आणि माकी-ए: वापरलेलं जपानी पेन घेताना कुठे पाहायचं?

दौतवाला

जपानमधल्या एका विक्रेत्याकडे दोन वापरलेली पेनं आहेत. एक नाकाया या जपानी कंपनीचं, आका-तामेनुरी (लाल थरावर पारदर्शक लॅकर), कन्व्हर्टरवालं. दुसरं तो युद्धापूर्वीचं आहे असं सांगतो: एबोनाइटवर (कडक रबरावर) सोनेरी माकी-ए, म्हणजे सोन्याच्या पुडीचं चित्रकाम, शेपटाला फिरकी, आत झडप, शाई ड्रॉपरने भरायची. फोटो हवे तितके पाठवायला तयार आहे. नेमक्या कुठल्या जागांचे मागवू? खरी उरुशी (जपानी लॅकर) आणि हाताने केलेलं माकी-ए फोटोवरून ओळखता येतं का? झडपेच्या पेनात काय बिघडतं? आणि पेनं राहणार रत्नागिरीत. तिथे पावसाळ्यात चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी धरते, तेव्हा ठेवायची कशी हेही सांगा.

काठपदर

तामेनुरीपुरतं सांगतो. सगळे फोटो कडांचे मागवा. अंगाचा चकचकीत फोटो काहीच सांगत नाही.

आपल्याकडे लॅकर म्हटलं की सावंतवाडीच्या गंजिफांची लाख आठवते. लाख ही किड्यापासून मिळणारी राळ, ती उष्णतेने मऊ होते. उरुशी हा झाडाचा चीक. तो पाणी उडून वाळत नाही, उलट हवेतली ओल असेल तरच घट्ट होतो, कारण चिकातलं विकर दमट हवेतच नीट काम करतं. म्हणून रंगवलेली पेनं साधारण २० ते २५ अंश तापमानाच्या आणि ७० ते ८५ टक्के आर्द्रतेच्या बंद कपाटात ठेवतात. एक थर घट्ट झाला की घासायचा आणि मग पुढचा. यातच महिने जातात. शिवाय दहा-पंधरा वर्षांचं एक झाड अख्ख्या हंगामात जेमतेम २०० ग्रॅम चीक देतं आणि प्रचलित पद्धतीत त्यानंतर ते तोडतात. पेनाची किंमत पाहून दचकण्याआधी हे लक्षात असू द्या.

आका-तामेनुरीत खाली लाल थर असतो आणि त्यावर पारदर्शक, काळ्या चहाच्या रंगाच्या उरुशीचे थर. पातळ चीक धारेवर टिकत नाही, मागे सरतो. त्यामुळे टोपणाच्या ओठावर, दांडीच्या टोकाला, आटे सुरू होतात त्या कडेवर वरचा थर पातळ राहतो आणि खालचा लाल दिसतो. अस्सल कामात ही लाल रेघ कुठे केसाएवढी, कुठे जरा रुंद असते आणि आतल्या बाजूला तपकिरीत अलगद विरते. चारी बाजूंनी एकाच रुंदीची आणि आतून टोकदार हद्द असलेली पट्टी दिसली तर ती स्प्रेने काढलेली समजा.

उरुशी वर्षं जातील तशी आणखी पारदर्शक होते. जुन्या पेनाचा लाल काठ नव्यापेक्षा उजळ असेल तर तो दोष मानू नका, त्यासाठीच तर लोक तामेनुरी घेतात. दोष ओळखायची खूण वेगळी आहे: लालच्या पलीकडे काळा ठिपका दिसला, तर थर झिजून एबोनाइट उघडं पडलंय. असा ठिपका बहुधा टोपणाच्या ओठावर सापडतो. दांडीच्या मागच्या भागावर फिकट गोल वळ असेल तर आधीचा मालक टोपण मागे खोचून लिहीत होता. तो वळ पॉलिशने जात नाही, नवा थरच द्यावा लागतो.

आणखी एक फोटो हवाच: पेन हळूहळू फिरवत चारही बाजूंनी, एकाच उजेडात. एक बाजू मंद, राखट दिसली तर पेन वर्षानुवर्षं खिडकीत किंवा शोकेसमध्ये पडून होतं. ऊन हा उरुशीचा खरा शत्रू, आणि ही इजा भरून येत नाही.

भिंग१०

आता माकी-ए. शब्दाचा अर्थच 'भुरभुरवलेलं चित्र', आणि ओळख त्या भुरभुरण्यातच आहे. कारागीर आधी उरुशीने रेघ काढतो. ती ओली असतानाच बारीक नळीच्या तोंडाला रेशमी जाळी बांधून तिच्यातून सोन्याची पूड बोटाने टिचकी मारत पाडतो. पूड बसली की वर उरुशीचा थर देऊन ती धरून ठेवायची, घट्ट झाल्यावर कोळशाने घासायची, शेवटी हरणाच्या शिंगाच्या राखेने चमक आणायची.

दहापट भिंगाखाली, किंवा मॅक्रो फोटोत, हाताच्या कामात कण लहानमोठे दिसतात. ढगाच्या किंवा पानाच्या कडेकडे ते विरळ होत जातात, पण त्या विरळपणाला कुठलाही ठरावीक क्रम नसतो. रांगोळी चिमटीतून सुटते तेव्हाची कड आठवा. छपाईत मात्र ठिपके सारख्या अंतरावर येतात किंवा रेघेच्या कडेला जाळीचे दाते दिसतात. काही कंपन्या 'किंदाई माकी-ए', म्हणजे आधुनिक माकी-ए, या नावाने पडदाछपाईचं काम विकतात. त्यात फसवणूक नाही, नाव स्पष्ट असतं. फसवणूक होते ती असं पेन हाती केलेलं म्हणून पुढे विकलं जातं तेव्हा.

प्रकार ओळखायला नख हलकेच फिरवून पाहा. हिरा, म्हणजे सपाट, माकी-एत अगदी पुसट पायरी लागते. तोगिदाशीत चित्रासकट सगळ्या अंगावर उरुशी चढवून चित्र उघडं होईपर्यंत घासतात, त्यामुळे नखाला काहीच लागत नाही. ताका माकी-एत खाली थर देऊन चित्र उठावाचं केलेलं असतं. शिशिआई-तोगिदाशीत उठाव आणि सपाट घासकाम एकाच चित्रात येतं. ते सगळ्यात अवघड, म्हणून सगळ्यात महाग. शिंपल्याचं राडेन काम असेल तर तिरप्या उजेडातला फोटो मागवा. तुकड्याची कड उचललेली असेल तर तिथे सावली पडते.

सहीचाही फोटो घ्या. नामिकी या पेन कंपनीने १९२६ मध्ये मात्सुदा गोन्रोकू या माकी-ए कारागिराला आपल्याकडे घेतलं, १९३१ मध्ये माकी-ए कारागिरांचा कोक्कोकाई हा गट उभा राहिला. त्या परंपरेतल्या पेनांवर कारागिराच्या सहीबरोबर गटाचं नावही येतं. पण त्या काळात कितीतरी छोट्या कारखान्यांनी विनासहीचं चांगलं काम केलंय. सही नाही म्हणून पेन टाकू नका. सही आहे, पण चित्र सुमार आहे, असं असेल तर मात्र शंका घ्या.

तुमच्या पेनाच्या 'युद्धापूर्वीचं' या दाव्यासाठी एक झटपट तपासणी: निबवर गोलातलं जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) चिन्ह आहे का? ते चिन्ह १९४९ च्या कायद्यानंतर आलं. असेल तर निब तरी युद्धानंतरचं आहे, आणि मग पेन कधीचं याचा पुरावा विक्रेत्याने द्यायला हवा.

फिरकीवाला

ड्रॉपरने शाई भरायची आपल्या लोकांना सवय असते, म्हणून झडपेकडे दुर्लक्ष होतं. आपल्या साध्या एबोनाइट पेनात टाकी थेट जिभेशी (निबखालच्या, शाई पोचवणाऱ्या भागाशी) जोडलेली असते. जपानी पेनात टाकीच्या मधोमध लांब दांडा असतो, त्याचं पुढचं टोक पकडीच्या (निब बसवलेल्या, बोटांनी धरायच्या भागाच्या) मागच्या भोकात बसून वाट बंद करतं. शेपटाची फिरकी २-३ मिलिमीटर सैल केली की वाट उघडते.

भरताना पकड सोडवा, ड्रॉपरने शाई टाका, आट्यांच्या खाली एक सेंटिमीटर जागा ठेवा. पकडीच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. पकड बसवताना निब वर धरा. चिठ्ठीपुरतं लिहायचं असेल तर फिरकी बंदच ठेवा, जिभेत आणि पकडीत असलेल्या शाईवर थोडं लिहून होतं. लांब लिहायचं असेल तर उघडा. पानभर लिहून पेन अचानक कोरडं पडलं तर निब खराब झालंय असं समजून ते सोडवत बसू नका, दहातल्या नऊ वेळा फिरकी बंद राहिलेली असते. बंद करतानाही निब वर हवं. दांडा पुढे सरकताना थोडी शाई ढकलतो, निब खाली असेल तर तो थेंब कागदावर पडतो.

टाकी एक तृतीयांशावर आली की भरून टाका. रिकाम्या जागेतली हवा हाताच्या उबेने फुगते आणि शाई बाहेर ढकलते. मे महिन्यात हे जास्त होतं. प्रवासात फिरकी बंद, निब वर.

जुन्या पेनात बिघडतं ते शेपटाकडचं बूच. दांडा जिथून बाहेर येतो तिथे बुचाची किंवा रबराची चकती असते. वर्षानुवर्षं कोरडं राहून बूच आकसतं आणि शाई फिरकीतून बोटावर येते. तपासणी अशी: टाकीत साधं पाणी भरा, फिरकी बंद करा, पेन शेपटावर टिश्यूत उभं ठेवा, रात्रभर. टिश्यू ओला झाला तर आणखी एक दिवस तसंच राहू द्या. कधी कधी बूच फुगून गळती थांबते. नाही थांबली तर चकती बदलायचं काम पेन दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. फिरकी अडली तर पक्कड लावू नका, जुन्या शाईने धरलेला दांडा जोर लावला की सांध्यावर तुटतो. आतून कोमट पाणी भरून वाट पाहा.

विक्रेत्याला विचारायचा प्रश्न एकच: फिरकी फिरते का, आणि फिरवल्यावर दांडा खरंच मागेपुढे होतो का? त्याचा व्हिडिओ मागवा, फोटो पुरणार नाही.

बिब्बा

कोकणातल्या माणसाला उरुशी परकी वाटायला नको. आंबा, काजू, बिब्बा आणि उरुशीचं झाड एकाच कुळातले. आंब्याचा चीक किंवा बिब्बा ज्याला उततो त्याला ओली उरुशीही उतेल. पूर्ण घट्ट झालेलं पेन मात्र त्रास देत नाही. अगदी नवं पेन काही आठवडे आंबूस, उग्र वास देतं. ज्यांना बिब्बा फार उततो त्यांनी तो वास जाईपर्यंत थांबावं. वापरलेल्या पेनाबाबत हा प्रश्नच नाही. जपानमध्ये काजूच्या टरफलातल्या तेलापासून उरुशीसारखं दिसणारं 'काश्यू' लॅकरही बनतं. वाईट नाही, पण ती उरुशी नाही. वर्णनात नुसतं 'लॅकर' असेल तर उरुशी की काश्यू हे विचारून घ्या.

पावसाळ्याची हवा उरुशीला मानवते, बुरशी धरते ती शाईत आणि डब्याच्या अस्तरात. तेव्हा जून ते सप्टेंबर जे पेन वापरात नाही ते रिकामं, धुऊन, कोरडं करून ठेवा. धुताना अख्खं पेन पाण्यात बुडवू नका. आट्यांच्या आत एबोनाइट उघडं असतं, ते पाण्याने आणि उजेडाने हिरवट-तपकिरी होतं. पकड हातात धरून रबरी फुग्याने साधं पाणी मारा. गरम पाणी, स्पिरिट, अमोनियावाली काच पुसायची द्रावणं नकोत. धुवून जुन्या धुतलेल्या सुती धोतराच्या तुकड्याने टिपा.

चामड्याच्या पाकिटापेक्षा सुती किंवा रेशमी पिशवी बरी. सिलिका जेलच्या पुड्या पेनाच्या डब्यात कोंबू नका, डबा फार कोरडा करून काही साधत नाही. रबरी पट्टीही लावू नका. माकी-एत चांदीची पूड असेल तर रबरातल्या गंधकाने ती काळवंडते.

दौतवाला

खूप उपयोगी. कडांचे, सहीचे आणि निबचे फोटो, फिरकीचा व्हिडिओ, सगळं मागवतो. एकच राहिलं: नाकायाचं निब मीडियम आहे. देवनागरी लिहायला जाड होईल का?

भिंग१०

नाही. नाकायात प्लॅटिनमचं १४ कॅरटचं निब येतं आणि जपानी मीडियम साधारण युरोपीय फाइनच्या जवळ जातं. आठ मिलिमीटरच्या ओळीत 'क्ष' आणि 'ज्ञ'ची पोटं बुजत नाहीत. जपानी फाइन मात्र आपल्या स्वस्त वहीवर खरखरेल, कारण टोक लहान असल्याने ते कागदाच्या धाग्यात अडकतं. शिरोरेखा देताना ते जास्त जाणवतं, हात तिथे सरळ लांब ओढला जातो. मीडियमच ठेवा. विक्रेत्याला त्याच्या हातची शिरोरेखेसारखी आठ-दहा सेंटिमीटरची आडवी रेघ काढून पाठवायला सांगा. मध्येच शाई तुटली तर निबची पातं किंवा जीभ जुळवून घ्यावी लागेल, तो खर्च किमतीत धरा.