ईमेलच्या पत्त्यातून मार्ग वगळला, हे योग्य झाले का?

जुना मोडेम
अमेरिकेतील बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत माइक लेस्क यांनी १९७६च्या सुमारास लिहिलेल्या यूयूसीपी या संगणकांमध्ये पत्रे व फायली पाठवण्याच्या प्रणालीत पत्ता आणि मार्ग एकच होते. ‘सिस्मो!एमसीव्हॅक्स!अबक!रमेश’ असे लिहिले, की पत्र आधी व्हर्जिनियातील सिस्मो या संगणकाकडे, तेथून ॲम्स्टरडॅमच्या एमसीव्हॅक्सकडे आणि शेवटी अबक या संगणकावरील रमेशकडे जाई. प्रत्येक टप्प्यावर सर्वांत डावीकडचे नाव गळून पडे. बरेचसे टप्पे रात्री मोडेमवरून फोन लावून पार पडत, त्यामुळे पत्राला एक-दोन दिवस सहज लागत. तरीही ती व्यवस्था मला अधिक प्रामाणिक वाटते, कारण पत्र कोणाकोणाच्या हातून जाणार हे पाठवणाऱ्याला ठाऊक असे आणि एखादा दुवा बंद पडला तर दुसरा मार्ग तो स्वतः लिहू शके.

टपालवेडा
पाकिटावर आपण मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा लिहितो. कोणत्या गाडीने पत्र न्यायचे ते लिहीत नाही. आयपी, म्हणजे इंटरनेटच्या मूळ नियमसंचाच्या १९८१च्या दस्तऐवजातही पत्ता म्हणजे वस्तू कुठे आहे आणि मार्ग म्हणजे तेथे कसे जायचे, असा स्पष्ट भेद केलेला आहे. यूयूसीपीत रमेशचा पत्ता पाठवणारा कुठे बसला आहे यावर अवलंबून होता, म्हणून लोक एखाद्या सर्वपरिचित संगणकापासून पुढचाच मार्ग सांगत आणि तिथवर कसे पोहोचायचे ते ज्याचे त्याने पाहावे, अशी अपेक्षा ठेवत. प्रामाणिकपणाचे म्हणाल, तर पीटर हनीमन आणि स्टीव्ह बेलोविन यांच्या पाथअलायस या प्रोग्रामने संगणकांच्या जोडण्यांच्या नकाशावरून मार्ग काढून देण्यास सुरुवात केल्यावर मधले काही संगणक पाठवणाऱ्याने लिहिलेला मार्ग पुसून स्वतःचाच घालू लागले. एकाच नावाचे दोन संगणक असले, की पत्र भलतीकडे जाई.

क्षितिजा
टपालवेडा यांचा निष्कर्ष मान्य आहे, परंतु सर्वांत वाईट गोंधळ यूयूसीपीची ‘!’ची आणि आजची ‘@’ची अशा दोन पद्धतींच्या सीमेवर झाला, हे दोघांनीही सोडून दिले. ‘क!ख@ग’ हा पत्ता यूयूसीपीचा संगणक वाचे तेव्हा पत्र आधी ‘क’कडे जाई, इंटरनेटचे पूर्वरूप असलेल्या अर्पानेटच्या १९८२च्या नियमांप्रमाणे मात्र ते आधी ‘ग’कडे जायला हवे. एरिक ऑलमन यांच्या सेंडमेल या पत्रे पोहोचवणाऱ्या प्रोग्रामचे नियम इतके दुर्बोध का झाले, याचे एक मोठे कारण हेच. ब्रिटनच्या जॅनेट या विद्यापीठांच्या संगणकजाळ्याने तर पत्त्यातील घटकांचा क्रमच उलटा ठेवला होता: आधी देश, मग संस्था, शेवटी विभाग; इतरत्र देश शेवटी येई. संगणकशास्त्र विभागाचे ‘सीएस’ शेवटी आले आणि पुढे चेकोस्लोव्हाकियालाही देशाची खूण म्हणून तेच अक्षरद्वय मिळाले, तेव्हा पत्र ब्रिटनमध्ये ठेवायचे की प्रागच्या दिशेने धाडायचे, हा प्रश्न खरोखर उभा राहिला. (तर्काच्या दृष्टीने ब्रिटिशांचा क्रमच मला अधिक सुसंगत वाटतो, पण एकटे पडल्यावर तर्क कोण विचारतो?)

जुना मोडेम
मार्ग पत्त्यात नसावा, एवढे मी मान्य करतो. जानेवारी १९८६मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी मांडलेल्या एमएक्स नोंदींमुळे एखाद्या डोमेनची (पत्त्यात ‘@’नंतर येणाऱ्या नावाची) पत्रे कोणत्या संगणकाने स्वीकारायची हे प्राप्तकर्त्याकडूनच ठरू लागले, आणि इंटरनेटशी थेट न जोडलेल्या संस्थांनाही साधा पत्ता मिळाला. माझी तक्रार वेगळी आहे. जॉन पोस्टेल यांच्या १९८२च्या एसएमटीपी या पत्रे पाठवण्याच्या नियमसंचात पत्राच्या लिफाफ्यावर मार्ग लिहिण्याची सोय होती. इंटरनेटच्या १९८९च्या नियमांनी तिचा वापर टाळण्यास सांगितले. ती सोय पत्त्याच्या बाहेरच होती, मग ती का नको?

टपालवेडा
कारण ती सोय म्हणजे कोणत्याही परक्या संगणकाला आपली पत्रे वाहायला लावण्याची मुभा होती. पत्त्यात टक्का चिन्ह घालून हेच काम करून घेण्याची युक्ती नव्वदच्या दशकात जाहिरातींची खोगीरभरती पाठवणाऱ्यांच्या हाती लागली आणि परक्यांची पत्रे पुढे न पाठवणे हाच शिष्टाचार ठरला. झालेला प्रवास पाहायचा असेल, तर प्रत्येक पत्राच्या शीर्षभागात वाटेतल्या संगणकांनी घातलेल्या ‘रिसीव्हड’च्या ओळी आहेतच.

जुना मोडेम
त्या ओळी पत्र पोहोचल्यानंतर, आणि त्याही पाठवणाऱ्याला नव्हे, घेणाऱ्याला दिसतात.